मायनस नऊचा चष्मा आणि मापाने घडवलेली फ्रेम

ज्यांचा नंबर मायनस पाच-सहाच्या पुढे गेलाय, त्यांना चष्म्याच्या दुकानातलं एक वाक्य पाठ असतं. "मॅडम, काच जाड येणार. पातळ पाहिजे तर वरच्या रेंजची घ्यावी लागेल." मी हे शाळेत असल्यापासून ऐकतेय. उजवा डोळा मायनस साडेआठ, डावा मायनस नऊ, दोन्हीत थोडा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. त्यात नाक बसकं, आणि धातूची फ्रेम घातली की कानामागे खाज. गेल्या दिवाळीनंतर मी काचेचा नाद सोडला आणि फ्रेमकडे वळले. ती मुंबईत एका कारागिराकडून मापाने करून घेतली. जळगावात राहून हे कसं जमलं, किती पैसे आणि किती वेळ गेला, कुठे अडलं, ते लिहून ठेवतेय. सुरुवातीला मला यातलं काहीच कळत नव्हतं आणि मराठीत कुठे वाचायलाही मिळालं नाही.

भाऊबीज आटोपली आणि सोमवारी, २७ ऑक्टोबर २०२५ ला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जुन्या फ्रेमची डावी काडी बिजागरीपाशी ढिली झाली होती, नवा चष्मा लागणारच होता. तपासणी फी ४०० रुपये. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी, असं डॉक्टर दर वेळी सांगतात. ती करायची तर डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि नंतर काही तास उजेड सहन होत नाही. तेव्हा सोबत कुणाला तरी न्या आणि गाडी चालवत जाऊ नका. मी भाच्याला नेलं होतं. तो बाहेर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता आणि मला पुढचा तासभर भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत नव्हतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नंबर असतो, पीडी बहुतेक वेळा नसते. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. ती मागून घ्या, आणि नुसती एकूण नको, प्रत्येक डोळ्याची वेगळी घ्या. माझी एकूण ६० मिलिमीटर निघाली, उजवीकडे २९ आणि डावीकडे ३१. नाक चेहऱ्याच्या अगदी मध्यावर नसतं हे तेव्हा कळलं. आरशात इतकी वर्षं कधी जाणवलं नव्हतं.

मग दुकानं. चांगल्या झगमगीत शोरूमपासून बाजारातल्या जुन्या चष्मेवाल्यापर्यंत सगळीकडे फिरले. मला आवडलेली एक फ्रेम ५४-१८-१४० ची होती. हे आकडे बहुतेक फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. एका दुकानात ऑप्टोमेट्रीचा कोर्स केलेला एक तरुण होता. विकायची घाई नसलेला माणूस दुकानात भेटणं म्हणजे नशीबच. त्याने पावतीच्या मागच्या बाजूला मला गणित मांडून दाखवलं.

५४ आणि १८ मिळून ७२. म्हणजे फ्रेमच्या दोन्ही काचांच्या मध्यांमधलं अंतर ७२, आणि माझ्या बाहुल्यांमधलं ६०. फरक १२, म्हणजे प्रत्येक काचेचा खरा मध्य सहा मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. मायनसची काच मध्यात पातळ आणि कडेला जाड असते. मध्य नाकाकडे सरकला की कानाकडची कड मध्यापासून आणखी लांब जाते आणि तिथे जाडी वाढते. १.६७ इंडेक्सच्या (इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ) काचेत माझ्या मायनस नऊला ती कड साधारण साडेआठ मिलिमीटर येणार होती. हीच फ्रेम ४४-२० असती तर बेरीज ६४, सरकवणं फक्त दोन मिलिमीटर आणि कड पाचच्या आसपास. आणि मोठी फ्रेम तशीच ठेवून १.७४ ची महागडी काच घेतली असती तर? जेमतेम पाऊण मिलिमीटर वाचलं असतं. म्हणजे इतकी वर्षं मी काचेवर जे जास्तीचे पैसे मोजत होते, त्याच्या कितीतरी पट फायदा लहान फ्रेमने झाला असता आणि तो फुकटात मिळाला असता.

तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पण ४४ ची फ्रेम मोठ्या माणसाला मिळणं अवघड. लहान मुलांच्या असतात, त्यांच्या काड्या १२५ किंवा १३० च्या, माझ्या कानापर्यंत नीट पोचत नाहीत. गोल आकाराच्या काही मोठ्यांच्या फ्रेम मिळाल्या, त्या नाकावर बसत नव्हत्या. बसक्या नाकाला शीटच्या (प्लास्टिकसारख्या दिसणाऱ्या) फ्रेमचा नाकाकडचा भाग जाड, भरीव लागतो. तयार फ्रेममध्ये तो सरासरी नाकाला धरून कापलेला असतो, मग चष्मा गालावर टेकतो नाहीतर घसरतो. मोठ्या नंबरात घसरणं नुसतं त्रासाचं नसतं. मायनस नऊची काच डोळ्यापासून चार मिलिमीटर पुढे सरकली तर पाव नंबराहून थोडं जास्तच कमी झाल्यासारखं होतं. एसटी स्टँडवर बोर्ड वाचताना मी बोटाने चष्मा मागे ढकलते, ते का, हे आता कळलं.

टायटॅनियमचाही विचार केला. धातूच्या बऱ्याचशा साध्या फ्रेममध्ये निकेल असतं, मोनेल नावाचा जो मिश्रधातू त्यात वापरतात तो निकेल आणि तांब्याचाच. माझी खाज त्याचीच, असं त्वचेच्या डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं. शुद्ध टायटॅनियमला हा त्रास नाही, वजनाला स्टीलच्या जवळपास निम्मं, आणि वेगळे नोज पॅड वाकवून नाकाप्रमाणे बसवता येतात. ज्यांना चालेल त्यांनी जरूर बघावी, उत्तम पर्याय आहे. मला दोन अडचणी होत्या. जळगावात ४४-४६ च्या मापात ती मिळेना, आणि पातळ तारेच्या फ्रेममधून काचेची जाड कड सरळ दिसते. शीटच्या फ्रेमची कड स्वतःच चार मिलिमीटर जाड असते, त्यात ती बरीचशी लपते.

चष्मेवाले ज्याला शीट म्हणतात ते सेल्युलोज ॲसिटेट. बाजारात टीआर म्हणून ज्या हलक्या, लवचीक फ्रेम मिळतात त्या वेगळ्या, नायलॉनच्या, साच्यात ओतून केलेल्या. त्या वाईट नाहीत, स्वस्त आणि टिकाऊ असतात. पण साच्यात जशा निघाल्या तशाच राहतात. नाकाला मुरड घालायची म्हटलं तर फार वाव नसतो. शीटची फ्रेम सपाट पत्र्यातून कापून, घासून घडवतात आणि गरम करून हवी तशी वाकवता येते.

कारागिराचा पत्ता मला एका मैत्रिणीकडून मिळाला. त्यांचं नाव इथे देत नाही. कारखान्यात ते आणि त्यांचा पुतण्या असे दोघंच, आणि "लिहिणार असाल तर नाव टाकू नका ताई, आधीच हात रिकामा नसतो," असं त्यांनीच सांगितलंय. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो, चेहऱ्याचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो आणि जुन्या फ्रेमचे आकडे पाठवले. त्यांनी किंमत सांगितली १३,००० आणि वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे १३,६५०. काच वेगळी. ६,००० आगाऊ. (२२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी बारावरून पाचवर आलाय. कुणी जुन्या दराने बिल लावलं तर विचारा.) रक्कम ऐकून मी एक रात्र थांबले, खरं सांगते. एवढ्यात घरात एक चांगला मिक्सर आणि वर एक कूलर आला असता. मग चष्म्याच्या मागच्या पावत्या काढून बेरीज केली आणि पैसे पाठवले.

मापं मात्र समोर बसूनच घेणार, ही त्यांची अट. शुक्रवारी ७ नोव्हेंबरला रात्री जळगावहून अमरावती एक्स्प्रेस धरली, सकाळी सीएसएमटी. शनिवारी दहाला कारखान्यात.

कारखाना म्हणजे एका जुन्या चाळवजा इमारतीतली लांबट खोली. एका भिंतीला शीटचे तुकडे उभे लावलेले, मधाच्या रंगाचे, काळे, हिरवट, आणि कासवी नक्षीचे तर किती. पूर्वी ही नक्षी खरोखर समुद्री कासवाच्या कवचाची असायची. त्या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७७ मध्ये बंदी आली, पण नक्षीची हौस काही गेली नाही, ती ॲसिटेटमध्ये उतरली. कारागीर काकांनी मधाच्या रंगाचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कशाचं आहे सांगा?" मी प्लास्टिक म्हणाले. "कापूस आहे ताई. तुमच्याकडचाच समजा."

यावर माझा विश्वास बसेना. आमची धरणगाव तालुक्यात कोरडवाहू शेती, आबांनी जन्मभर कपाशी लावली. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी आखूड लव चिकटून राहते, ती मशीनने खरवडून काढतात. तिला लिंटर म्हणतात. ती लव आणि लाकडाचा लगदा, दोन्ही म्हणजे सेल्युलोज. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ॲसिटेट तयार होतं. मग त्यात मऊपणा आणणारा द्रव आणि रंग मिसळून मळतात, लाटतात, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे एकत्र दाबून ठोकळा करतात आणि अळूवडी कापावी तसे त्या ठोकळ्याचे पातळ काप काढतात. म्हणून चांगल्या शीटमधली नक्षी आरपार असते, वर छापलेली नसते. दुकानात ओळखायचं असेल तर फ्रेमची कड बघा, नक्षी कडेतही आत गेलेली दिसली पाहिजे. काप काढल्यावर ते कित्येक दिवस उबेत वाळवतात. घाईने वाळवलेलं शीट पुढे आक्रसतं, वाकतं, आणि काच ढिली पडते. काकांकडची बरीच शीट इटलीतल्या मात्सुकेल्ली कंपनीची होती. ती कंपनी १८४९ पासूनची, सुरुवातीला शिंग आणि हाडाचे कंगवे-बटणं करायची.

मापं घ्यायला तासभर लागला. पीडी त्यांनी स्वतः पुन्हा घेतली, चिठ्ठीवर विसंबले नाहीत. नाकासाठी एक मऊ तार नाकाच्या दांड्यावर दाबून बसवली, उचलून कागदावर ठेवली आणि पेन्सिलने तिची रेघ काढली. मग तेच थोडं खाली. नाक समोरून किती उतरतं आणि वरून बघितलं तर मागे किती पसरतं, असे दोन उतार असतात. हे दोन्ही जुळले तर फ्रेमचं वजन नाकावर पसरतं. नाही जुळले तर एका रेषेवर येतं आणि संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो. नंतर काडी, बिजागरीपासून कानाच्या वळणापर्यंत किती आणि तिथून मागे किती. माझा उजवा कान डाव्यापेक्षा थोडा वर आहे. म्हणून आजवरचे सगळे चष्मे तिरपे दिसायचे आणि प्रत्येक दुकानदार काडीच वाकवत बसायचा.

दुपारी त्यांनी टाकाऊ शीटमधून एक कच्चा पुढचा भाग कापला. करवतीचं पातं केसाएवढं, आणि दर दोन मिनिटांनी ते थांबून फुंकर मारत. त्याला जुन्या काड्या लावल्या आणि माझ्या नाकावर ठेवलं. मग कानशीने नाकाची बाजू घासायला सुरुवात. चार-पाच हात फिरवायचे, माझ्या नाकावर ठेवायचं, मान खाली घालायला सांगायचं, हसायला सांगायचं. हसताना गाल वर येतात आणि फ्रेम उचलली जाते, ते बघायचं असतं. पुन्हा कानस. एका क्षणी त्यांनी फ्रेम ठेवली आणि मी मान खाली घातली, पार हनुवटी छातीला लागेपर्यंत, आणि ती जागची हलली नाही. मी बोट नाकाकडे नेलं, सवयीने, आणि ढकलायला काही नव्हतं. काका काही बोलले नाहीत, पेन्सिलने फ्रेमवर एक खूण केली आणि चहा सांगितला.

चहा पिताना बिजागरीचा विषय निघाला. मी तोवर कधी बिजागरीकडे बघितलंही नव्हतं. दोन पद्धती असतात. एकात बिजागरी तापवून शीटमध्ये दाबून बसवतात. दुसऱ्यात तिची पट्टी आतून लावून आरपार छोट्या खिळ्यांनी, रिव्हेटने, पक्की करतात. रिव्हेटची सैल झाली तर पुन्हा ठोकता येते. दाबलेली उखडली तर तिथलं शीटच फाटतं. आता गंमत अशी की बाहेरून जे दोन चकचकीत ठिपके दिसतात, ते बऱ्याच फ्रेमवर नुसते शोभेला चिकटवलेले असतात. फ्रेम उलटी करून आतून बघा. ठिपक्यांच्या बरोबर मागे बिजागरीची पट्टी नसेल, तर ते ठिपके कामाचे नाहीत. माझ्या फ्रेमला त्यांनी पाच पेरांची (एकात एक अडकणाऱ्या कड्यांची) बिजागरी लावली. तीन पेरांचीही चालते, पण पेरं जास्त असली तर झीज वाटली जाते आणि काडी लवकर डुगडुगत नाही, असं त्यांचं म्हणणं. काडीच्या पोटात एक तार असते, बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हरची. पारदर्शक काडीत ती दिसते. तारेशिवाय काडी उन्हाळ्यात वळण सोडते. (जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. पण तार शीटच्या आत बंद असल्याने त्वचेला लागत नाही. निकेलचा त्रास असणाऱ्यांनी तिचं टोक कुठे उघडं नाही ना, एवढं बघून घ्यावं.)

रात्रीच्या गाडीने परत. चार आठवडे सांगितले होते, थोडे जास्तच लागले. मी निवडलेला रंग संपला होता. नवं शीट आलं, आणि आलेलं शीट कापून काही दिवस तसंच पडू द्यायचं, ताण गेला की मग घासायचं, हा त्यांचा नियम. मध्ये मी एकदा फोन करून "कधी?" विचारलं तर पुतण्याने फोटो पाठवला, एक लाकडी पिंप फिरतंय आणि त्यात भुगा. फ्रेम घासून झाल्या की लाकडाचे बारीक तुकडे आणि प्युमिस दगडाची पूड असलेल्या पिंपात त्या फिरत ठेवतात, आधी जाडसर, मग बारीक, मग नुसत्या पॉलिशच्या तुकड्यांत. यातच कित्येक दिवस जातात. शेवटचा हात कापडी चाकावर. यंत्राने लाखेचा थर मारूनही चमक आणता येते आणि ती तासाभरात होते, पण तो थर पुढे सोलवटतो. पिंपातली चमक ही शीटची स्वतःची असते, वर्षा-दोन वर्षांनी मंदावली तरी पुन्हा घासून आणता येते.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी या धंद्याबद्दल मिळेल ते वाचत होते. जपानमध्ये साबाए नावाचं गाव आहे, फुकुई प्रांतात. तिथे हिवाळ्यात बर्फामुळे शेती बंद असते. मासुनागा गोझाएमोन नावाच्या गृहस्थाने १९०५ मध्ये त्या भागात चष्म्याच्या फ्रेमचं काम आणलं, शेतकऱ्यांच्या हाताला हिवाळ्यात काम मिळावं म्हणून. आज जपानमध्ये बनणाऱ्या फ्रेमपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त तिथल्या, आणि टायटॅनियमची फ्रेम बाजारात आणली तीही याच भागाने, १९८० च्या दशकात. इटलीत कादोरेच्या डोंगरात १८७८ ला असाच पहिला कारखाना निघाला. फ्रान्समध्ये ओयोनाचे कंगवे करणारे लोक पुढे फ्रेम करायला लागले. हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात सारखं यायचं की कपाशी वेचून झाल्यावर, फेब्रुवारी ते मे, आमच्या कोरडवाहू गावांत माणसं पारावर बसून असतात. लिंटर आमच्याकडे, हात आमच्याकडे. असो.

दुसरी एक गोष्ट कळली ती दुकानात उपयोगी पडेल. फ्रेमवर जे फॅशन कंपनीचं नाव असतं, तिने ती फ्रेम क्वचितच बनवलेली असते. नाव वापरायचा परवाना घेऊन ती दुसरीच कंपनी बनवते. १९६१ मध्ये इटलीतल्या आगोर्दो गावात निघालेली लक्सोटिका ही त्यातली सगळ्यात मोठी. नावाचे पैसे द्यायला हरकत नाही, पण ते बिजागरीचे पैसे आहेत असं समजू नये.

शनिवारी १३ डिसेंबरला फ्रेम हातात आली. ४४-२२-१४०. नाकासाठी पूल दोन मिलिमीटर वाढवला होता, त्यामुळे बेरीज ६६ झाली, कड किंचित जाड, पण पुढचा भाग चेहऱ्याला शोभतो आणि नाकावर बसतो. नुसतंच गणित करून चालत नाही, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. पुढचा भाग आणि काडी जिथे मिळतात तिथे नखाने चाचपून बघितलं, सांधा लागत नव्हता. उरलेले ७,६५० दिले, बिल घेतलं. बिलावर माझं पूर्ण नाव, फ्रेमचा एचएसएन कोड (जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा आकडा) ९००३ आणि जीएसटी क्रमांक आहे ना, हे तिथेच तपासलं. ज्यांना ऑफिसात बिल लावायचंय त्यांनी हे तिथेच बघावं, नंतर दुरुस्तीसाठी मुंबई गाठणं परवडत नाही.

काच जळगावात बसवायची ठरवली, कारण पुढे काही बिघडलं तर जवळ हवं. एक-दोन दुकानांनी बाहेरची फ्रेम म्हटल्यावर सरळ नाही म्हटलं. एकाने "फ्रेम तडकली तर जबाबदारी नाही" असं बिलावर लिहून घेतलं आणि काम घेतलं. मला ते रास्त वाटलं. शीटच्या फ्रेमला गरम करून तिच्या खाचेत काच ढकलावी लागते. कमी तापली तर तडकते, जास्त तापली तर पॉलिशवर फोड येतात. १.६७ ची काच, कोटिंगसह ९,२०० रुपये. बाहेरून बनून येते, दहा-बारा दिवस.

इथे एक टीप, मला तरी ती कुणी सांगितली नव्हती. काचेचे मध्य ठरवण्याआधी रिकामी फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर नीट बसवून घ्या. कानामागचं वळण, काचांचा खालचा भाग गालाकडे किती झुकतो तो कोन (आठ ते बारा अंश ठीक), सगळं. त्यानंतर फ्रेममधल्या दाखवायच्या काचेवर बाहुलीच्या जागी पेनाने ठिपके मारून घ्या आणि त्या उंचीने काच मागवा. आधी काच मागवून नंतर काडी वाकवत बसलात तर ठिपके जागचे हलतात आणि मोठ्या नंबरात डोकं दुखतं.

चष्मा ३० डिसेंबरला मिळाला. कानाकडची कड कॅलिपरने मोजून घेतली, साडेपाचच्या आत. पहिले तीन-चार दिवस जिना उतरताना पायरी जवळ आल्यासारखी वाटायची, नजर बाजूला नेली की फ्रेमची कड मध्ये यायची. लहान फ्रेमचा हा तोटा आहेच, गाडी चालवताना मान थोडी जास्त वळवावी लागते. डाव्या कानामागे टोचत होतं, ते बाजारातल्या जुन्या चष्मेवाल्याने गरम हवेवर धरून दोन मिनिटांत सरळ केलं, पैसे घेतले नाहीत. गावी गेले तर आई निरखून म्हणाली, "हाऊ चस्मा तुले भलता चांगला दिखस." आणि लगेच, "पन कितला पैसा लाग्नात?" आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही.

आता ऑफिसचं. आमच्याकडे दोन वर्षांतून एकदा चष्म्याचे ५,००० पर्यंत मिळतात. ५ जानेवारीला अर्ज दिला. सोबत डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, दोन्ही बिलं, पैसे दिल्याचा यूपीआयचा पुरावा आणि रद्द केलेला चेक. आठवड्याने शेरा मारून परत. "चष्म्याची दोन बिले का? एकच बिल सादर करावे." फ्रेम एका गावची, काच दुसऱ्या गावची, हे त्यांच्या नमुन्यात बसत नव्हतं. वाद न घालता अर्ज लिहिला. फ्रेम आणि काच वेगळ्या विक्रेत्यांकडून घेतल्या, दोन्ही बिलं एकाच चिठ्ठीवरची, काचेच्या बिलावर "ग्राहकाची फ्रेम" असा उल्लेख आहे, मागणी फक्त मर्यादेइतकी. तो उल्लेख दुकानदाराने जबाबदारी झटकायला लिहिला होता, माझ्या कामाला आला. पैसे जानेवारीच्या पगारासोबत जमा झाले. चिठ्ठीची झेरॉक्स ठेवून मगच मूळ प्रत द्या, ती परत मिळत नाही.

देखभालीचं थोडक्यात. शीटचा मोठा शत्रू उष्णता, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. बंद गाडीत डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका, फ्रेम वाकते. सॅनिटायझर, स्पिरिट, अत्तर लागू देऊ नका, शीट पांढुरकं पडतं. घामानेही पडतं, म्हणून रोज रात्री साध्या पाण्याने आणि थेंबभर साबणाने धुवायचं, मऊ सुती कपड्याने टिपायचं. काढताना दोन्ही हातांनी काढायचा. एका हाताने ओढला की एकच बिजागरी सगळा ताण सोसते.

हे वाचून सगळ्यांनी मुंबईला जावं असं माझं म्हणणं नाही. नंबर तीनच्या आत असेल आणि नाक सरळ असेल तर गरजच नाही. मध्यंतरी आबांना नवा चष्मा करायचा होता, तेव्हा मी पट्टी घेऊन सोबत गेले. त्यांची पीडी ६६. दुकानदार ५६-१८ दाखवत होता. मी काडीच्या आतले आकडे वाचत वाचत ४८-२० शोधली, उलटी करून रिव्हेटच्या मागे पट्टी आहे ना ते बघितलं, मान खाली घालायला लावली. तयार फ्रेम, १,८०० रुपये. दुकानदार आधी वैतागला, मग त्यानेच आतून आणखी दोन काढून दिल्या. आबांना त्यातली तपकिरी आवडली. काचा सोमवारी येणार आहेत.